सरांची खोली, माझी वाटी

भादवा लागला की आमच्या लातुरात दोन गोष्टी एकदमच येतात. एक ते डोकं उठवणारं ऊन आणि दुसरे गल्लोगल्लीच्या मांडवांतले भोंगे. यंदाही आले. सकाळी भाजीला गेले तर कोपऱ्यावरच्या मंडळाची पोरं स्पीकरांची भिंत रचून राहिली होती, पार विजेच्या तारांपर्यंत. मी घरी आले, पिशवी ठेवली आणि पहिल्यांदा ओट्याच्या कोपऱ्यातल्या माझ्या उतरंडीकडं पाहिलं. खाली पितळी तांब्या, त्यावर पालथा स्टीलचा पेला, पेल्यावर वाटी. जागच्या जागी होती. मग पंखा लावला.

ही उतरंड काय भानगड आहे, ते बाहेरगावच्या माणसाला सांगावं लागतं. भूकंपाच्या वर्षी ज्यांची घरं पडायची वाचली, त्या सगळ्यांनी घराघरांत अशी भांडी रचून ठेवली होती. जमीन जरा हलली की वाटी पडणार, वाटी पडली की जाग येणार आणि जाग आली की पळायचं. हळूहळू लोकांनी आपापली भांडी परत मांडणीवर लावली. मी न्हाई लावली. माझा स्वभावच संशयी. दूधवाल्यानं मापापेक्षा जास्त दूध घातलं तरी मी विचारते, आज काय झालं रे बाबा तुला? जमिनीवर तर मी मुळीच विश्वास ठेवणार नव्हते.

आणि खरं सांगायचं तर जमिनीपेक्षा मला जास्त संशय होता तो आमच्या ह्यांचा. हे म्हणजे सर. हदगावकडच्या खेड्यातला माणूस, कॉलेजात फिजिक्स शिकवायला लातुरात आला आणि इथलाच झाला. अख्खं गाव सर म्हणतं म्हणून मीही सर म्हणते. भांडताना तेवढं अहो.

भूकंपाच्या त्या पहाटे आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत होतो. वर पत्रे, पत्र्यांवर दगड. लग्नाला दुसरं वर्ष. आधी दगड वाजले, मग पत्रे, मग मांडणीवरची भांडी धडाधड खाली. सर उठले, आपल्या बाजूनं मच्छरदाणी उपसली आणि दाराबाहेर. त्यांनी ती अशी काही उपसली की वरच्या दोऱ्या तुटल्या आणि सगळी मच्छरदाणी माझ्या अंगावर आली. हात कुठं, पाय कुठं, दार कुठं, काही कळेना. मी ओरडत होते. शेवटी तशीच गुंडाळलेली, भिंत चाचपत बाहेर आले. सर अंगणात उभे. मला पाहून म्हणाले, "मला वाटलं, तू माझ्या मागंच आहेस."

आमच्या भिंतीला एक तडा गेला, बस्स. किल्लारीकडच्या गावांत काय झालं ते उजाडल्यावर कळलं. त्यापुढं मच्छरदाणीचं रडगाणं गायची लाज वाटावी आणि मला ती वाटलीही. पण राग काही लाजेला विचारून येत नाही. मागंच आहे म्हणे! मागं वळून बघायला असा किती वेळ लागतो?

मी भांडले नाही. मी त्याहून वाईट केलं. मी त्याची गोष्ट केली. हळदीकुंकू असो, बारसं असो, डोहाळजेवण असो, "अगं बाई, आमचे सर असे पळाले, असे पळाले" म्हणून पदर गुंडाळून मी मच्छरदाणीचा खेळ करून दाखवायचे. बायका पोट धरून हसायच्या. सर चहाचा ट्रे घेऊन आत यायचे, तेही हसायचे. शेजारच्या बिराजदारकाकूंना तर ती तोंडपाठ झाली होती. मी कुठं अडखळले तर त्या पुढचं सांगायच्या. पंधरा वर्षं मी ती गोष्ट सांगितली आणि माणूस हसतोय ना, म्हणजे त्याला काही वाटत नाही, असं धरून चालले.

भूकंपानंतर महिनाभर आम्ही शाळेच्या मैदानात ताडपत्रीखाली राहिलो. परतीचा पाऊस सुरू होता. खाली चिखल, वर ताडपत्रीवर साचलेलं पाणी, ते मधूनमधून काठीनं ढकलायचं. रोज नवी आवई उठायची, आज पुन्हा येणार, उद्या नक्की येणार. आमच्याकडं एक स्टोव्ह, दोन चादरी आणि एक ट्रान्झिस्टर. तो नांदेडच्या सलीमभाईंनी दोनदा दुरुस्त करून दिलेला. माझं माहेर नांदेडचं, सलीमभाईंचं रेडिओ-टेपचं दुकान आमच्याच गल्लीत. ट्रान्झिस्टरची अँटेना मोडली होती, नुसतं बोटभर खुंट राहिलं होतं. त्या खुंटावर कुणीतरी बोट ठेवलं तरच गाणं लागायचं, बोट काढलं की खरखर. संध्याकाळी गाण्यांच्या वेळेला सर बोट ठेवून उभे राहायचे. अंगावर भुरभुर पाऊस. मी म्हणायचे, "बसा की आता." ते म्हणायचे, "गाणं संपू दे."

मी मनात म्हणायचे, पाप फेडतोय. असंच वाटायचं मला. पण आज इतक्या वर्षांनी कबूल करते, त्या चिखलात मी सुखी होते. खरखरीतून गाणं यायचं, स्टोव्हवर भात शिजायचा आणि आणखी काही हवं असं डोक्यात यायचं नाही. संशय होताच. सुख आणि संशय एका ताडपत्रीखाली राहू शकतात, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

मग लातूरचं नशीब फिरलं. कसं फिरलं ते आम्हा लातूरकरांनाही नीट सांगता यायचं नाही. निकाल लागायला लागले, गुणवत्ता यादीत आमचीच पोरं, आणि बघता बघता सगळा मराठवाडा पेट्या-गाद्या घेऊन इथं उतरायला लागला. उमरी, हदगाव, देगलूर, कुठून कुठून आईबाप यायचे. जूनमध्ये आमच्या गल्लीतून चालायला जागा नसायची. जिथं गोठे होते तिथं होस्टेलं झाली, जिथं पिठाची गिरणी होती तिथं मेस. सरांनी नोकरी सोडली आणि क्लास काढला. पहाटे पाचला पहिली बॅच. दिवस मावळेपर्यंत त्यांचाच आवाज, माईकवर, घसा बसेपर्यंत.

पैसा आला. पैशाकडंही मी संशयानंच पाहिलं. सोनं घेतलं, ते सोडा.

बंगला बांधला तेव्हा सर म्हणाले, "एक खोली मला पाहिजे. दिवसभर माझाच आवाज ऐकून कान किटले. मला दुसऱ्याचा चांगला आवाज ऐकायचाय." मला वाटलं, एखादा टेप आणतील. पण सुतार आला, त्यानं भिंतींना आतून लाकूड ठोकलं, लाकडाच्या आत कापूस भरला, दाराला चारी बाजूंनी रबर लावलं. दार तर असं की आतून पोळ्याची बैलं वाजतगाजत गेली असती तरी बाहेर कळलं नसतं. मग नांदेडहून सलीमभाई खोकी घेऊन यायला लागले. त्यांच्या रेडिओच्या दुकानाचं तोवर काचेचं शोरूम झालं होतं, पण सरांचा माल ते स्वतः घेऊन यायचे. अँप्लिफायर, स्पीकर, रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. एकदा नुसती हातभर वायर आणली. किंमत ऐकली आणि मी खालीच बसले.

"एवढ्यात दुभती म्हैस येते," मी म्हटलं. "म्हैस दूध तरी देते."

"वायरनं फरक पडतो," सर म्हणाले.

"काय फरक पडतो?"

"ऐकल्यावर कळतो."

मी ऐकलं. मला काही कळला नाही. सर म्हणाले, कान तयार व्हावा लागतो. मी म्हटलं, माझा तयारच आहे, फोडणी करपायला लागली की तिसऱ्या खोलीतून ऐकू येतं. मागच्या महिन्यापर्यंत जे जगातलं सर्वांत चांगलं होतं, त्यात ह्या महिन्यात काहीतरी घुरघुर निघायची. मग ते परत आणि नवीन खोकं हजर. ज्या माणसाला मोडक्या ट्रान्झिस्टरच्या खरखरीत गाणं सापडायचं, त्याला आता इतक्या महागड्या गाण्यात घुरघुर सापडत होती. श्रीमंती आली की समाधानही येईल असं मला वाटायचं, पण आमच्याकडं खोकीच येत होती.

रोज संध्याकाळी दोन बॅचच्या मधला एक तास सर त्या खोलीत. मी दाराला कान लावला तर काही ऐकू येईना. आधी वाटलं, इन्कमटॅक्सच्या धाडीच्या भीतीनं आत काही लपवलंय. कापूस काढून बघता येईना. मग वाटलं, कुणाशी फोनवर बोलतात. फोनचं बिल तपासलं, सगळे नंबर पालकांचे. मग वाटलं, डॉक्टरनं काहीतरी सांगितलंय आणि माणूस एकटा बसून रडतोय. चहाच्या निमित्तानं दार ढकललं तर सर डोळे मिटून बसलेले आणि कुणीतरी बाई ख्याल गात होती. मी चहा ठेवला आणि बाहेर आले. तरी संशय जाईना.

कारण खरा संशय वेगळाच होता. त्या खोलीत बसलेल्या माणसाला मी ऐकू जाणार नव्हते. उद्या जमीन हलली, मी कुठंतरी अडकले, ओरडले, तर? मागच्या वेळी सबब नव्हती म्हणून "मागंच आहेस" म्हणावं लागलं. ह्या वेळी सबब घरात बांधून तयार. ऐकू आलं नाही म्हणायची सोय करून ठेवली ह्या माणसानं, आणि तीही एवढा पैसा ओतून. हे एकदा डोक्यात बसलं ते बसलंच.

एक दिवस हे सगळं मी सलीमभाईंना सुनावलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "भाभी, सरचं सामान महंगा हाय, मानलं. पण तुमचा शक उसके से बी महंगा पडून राहिला."

"पडू द्या," मी म्हटलं.

पुढच्या खेपेला त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, एक पांढरं बटण बसवलं. सर म्हणाले, "काही लागलं तर हे दाब. आत माझ्यासमोर लाल दिवा लागतो." मला राग आला. मी काय बाहेरची पाहुणी, स्वतःच्या घरात घंटी दाबायला? मी त्या बटणाला एकदाही हात लावला नाही. फोडणीच्या तेलानं ते पिवळं पडलं.

त्या वर्षीच्या भादव्यात नांदेडहून आईचा फोन आला. तिकडं जमिनीतून आवाज येत होते. गुडगुड व्हायचं, भांडी हलायची, लोक रस्त्यावर यायचे. "तुमच्याकडं काही हाय का गं?" आई विचारायची. काही नव्हतं. पण लातूर ते. बातमी आली की गल्लीतल्या बायकांनी पुन्हा पेले-वाट्या बाहेर काढल्या. बिराजदारकाकू माझी उतरंड बघायला आल्या, कोणतं भांडं खाली ठेवायचं ते विचारायला. सर हसले. "तांब्याचा तळ गोल आहे, उगाच पडेल," म्हणाले. मी म्हटलं, पडायसाठीच ठेवलाय.

त्याच आठवड्यात सलीमभाई सगळ्यात मोठं खोकं घेऊन आले. गुडघ्याएवढा काळा डबा. त्यातून म्हणे फक्त खालचा सूर येतो, बास, जो कानापेक्षा छातीला जास्त कळतो. तो डबा त्यांनी खोलीच्या ज्या भिंतीला टेकवून ठेवला, तिच्या पलीकडंच माझा ओटा. कापूस आवाजाला अडवायचा. हादऱ्याला तो काय अडवणार? हे फिजिक्सच्या सरांना आधी सुचायला हवं होतं.

संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी मिक्सरमधून शेंगदाण्याची चटणी काढत होते. पायाखाली काहीतरी गुरगुरलं. आधी वाटलं भास. मग पेला थरथरायला लागला, मी बघतच राहिले, आणि वाटी ओट्यावर पडून खणखणत फरशीवर गेली.

"भूकंप! भूकंप आला!" मी ओरडले आणि पळाले. हॉल, पायऱ्या, फाटक, रस्ता. माझं ओरडणं ऐकून बिराजदारकाकू बाहेर, त्यांच्यामागं त्यांची सून, मग सगळी गल्ली. होस्टेलांतली पोरंपोरी जिन्यावरून धबाधबा खाली. कुणाच्या हातात वही, कुणाच्या हातात पोळी. एकजण तर साबण लावलेलाच आला. सगळे रस्त्याच्या मधोमध, भिंतींपासून लांब, जसं भूकंपाच्या वर्षी उभे राहायचो तसे. मीही उभी, अनवाणी, एका हाताला चटणी.

बिराजदारकाकू इकडंतिकडं बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "अगं बया, सर कुठं हायत? तू एकलीच आलीस?"

कुणी टोमणा मारावा तसं त्या म्हणाल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. मी चटणीचा हात पदराला पुसायला लागले.

तेवढ्यात सलीमभाई फाटकातून बाहेर आले, हातात रिमोट. "अरे कुछ नहीं, कुछ नहीं! जमीन न्हाई, हमारा डब्बा था. बास टेस्ट करून राहिलो होतो." मग मला पाहून थांबले. "भाभी, तुम्ही हितं? सर अंदर ढूंढून राहिले तुमाला. दार उघडलं, लोकांचं भूकंप-भूकंप ऐकलं, तसेच किचनकडं पळाले. मी बोललो, सर, डब्बा हाय, भूकंप न्हाई. ऐकतच न्हाई."

आणि मग मला ऐकू आलं. सर घरात माझ्या नावानं हाका मारत होते. आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून, मग मागच्या अंगणातून, मग जिन्यात, मग गच्चीवर. दिवसभर माईकवर बसलेला आवाज, फाटलेला. अख्खी गल्ली उभी राहून ऐकत होती. मी हाक द्यायला हवी होती. मी इथं आहे म्हणायला किती वेळ लागतो? पण हाक न देताच मी फाटकाकडं निघाले. घर हलतंय, पडणार आहे, असं त्यांना वाटत होतं आणि ते खोल्याखोल्यांतून मला शोधत होते. आणि ते पिवळं पडलेलं बटण वाटीपासून वीतभर अंतरावर होतं. मी त्याच्या समोरून पळाले होते.

मी आत गेले तेव्हा सर जिना उतरून येत होते. घामानं डबडबलेले, एका पायात चप्पल. माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. मला वाटलं, तुम्ही माझ्या मागंच आहात. तेच, जे पंधरा वर्षं मी त्यांच्या तोंडी घालून बायकांना हसवत आले होते. आणि खरं सांगू? मला तसं काही वाटलं नव्हतं. वाटी पडली आणि मी पळाले, एवढंच. सर आठवलेच नाहीत.

त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. रस्त्यावरच्या चिखलानं भरलेले पाय. सगळं समजलं असणार. फिजिक्सवाला माणूस. जिन्याच्या कठड्याला धरून त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "बाहेर होतीस ना? बरं झालं."

बस्स, एवढंच. ना टोमणा, ना प्रश्न. मी फरशीवरची वाटी शोधायला गेले. ती सापडेपर्यंत माझे डोळे भरून आले होते. वाटीला पोचा पडला होता. अजूनही आहे.

त्यानंतर मच्छरदाणीची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. पुढच्या संक्रांतीला बिराजदारकाकूंनीच सुरू केली, तर मी तिळगूळ पुढं करून विषय बदलला. काकूंनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि तिळगूळ तोंडात टाकला. सलीमभाईंनी डबा दुसऱ्या भिंतीला सरकवला. खोकी येणं हळूहळू कमी झालं आणि मग थांबलं, का ते मी विचारलं नाही. आता सरांचा क्लासही नाही. मोठमोठ्या पाट्यांचे क्लास आले, सरांच्या गुडघ्यांनी दगा दिला. पण संध्याकाळचा एक तास ते अजून त्या खोलीत बसतात.

ह्या माणसानं बोलण्याऐवजी पैसा खर्च केला का, असा एक संशय मला अधूनमधून येतो. पळून गेलेल्या एका पहाटेनंतर जे म्हणायचं होतं ते जमेना, म्हणून आधी मोडक्या अँटेनावर बोट ठेवलं आणि मग जगातली महागडी यंत्रं आणली. पुरावा माझ्याकडं काही नाही. बटणाचं मात्र कळलं. सलीमभाई नंतर कधीतरी बोलता बोलता म्हणाले की, खोलीचं काम सुरू व्हायच्या आधीच सरांनी पहिली गोष्ट तीच सांगितली होती. वायर तेव्हाच भिंतीतून घेऊन ठेवलेली. बटण बसवायचं राहून गेलं होतं, इतकंच.

आज भाजी निवडून झाली, बाहेर भोंगे सुरू झाले, आणि मला काय झालं कोण जाणे, मी ते बटण दाबलं. दाबायला जड गेलं, तेलानं अडकलं होतं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी कुठला दिवा लागतोय. तेवढ्यात रबराचं दार फाटकन उघडलं आणि सर भिंतीला धरत, गुडघा ओढत स्वयंपाकघरात आले.

"काय झालं? वाटी पडली का?"

"न्हाई," मी म्हटलं. "त्या पहाटे तुम्ही बाहेर होता ना. बरं झालं. हे तेवढं सांगायचं राहिलं होतं."

सर दारातच उभे राहिले. मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

"मला वाटलं तू माझ्या मागंच आहेस, असं मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "खोटं होतं ते. मला काहीच वाटलं नव्हतं."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "त्या दिवशी मलाही न्हाई वाटलं."

त्यांनी मान हलवली आणि माझ्याजवळच्या स्टुलावर बसले. खोलीचं दार उघडंच राहिलं होतं, आतलं गाणं स्वयंपाकघरात येत होतं. मी चहाचं आधण ठेवलं.